क्रॉलरला नवी मोटार बसवताना: टर्न, दात आणि जळगावचा उन्हाळा

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझा क्रॉलर, म्हणजे दगडधोंड्यांवरून हळू चढवायची रिमोटची गाडी, दगडावर अडायला लागला. उभ्या गाडीला हळूच थ्रॉटल दिला की मोटार फिरायची नाही, नुसती गुणगुणायची. चाकाला बोटाने जरा ढकललं की चालू पडायची. चढावर थांबून पुन्हा निघताना झटका बसायचा आणि बॉडी काढली की करपल्याचा वास यायचा. १:१० मापाची गाडी, वजन बॅटरीसकट २.८ किलो, ५४० मापाची ३५ टर्नची (आत तारेचे ३५ वेढे असलेली) ब्रश मोटार, २ एस लिपो (दोन सेलची, ७.४ व्होल्टची बॅटरी) आणि ६० अँपिअरचा ब्रश ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर). ५५ ते ८० टर्नमधली नेमकी कोणती मोटार घ्यायची, हा प्रश्न जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जास्त जड जातो. दुकानात जाऊन हातात घेऊन बघायची सोय नाही, सगळं मागवूनच घ्यावं लागतं. म्हणून मागवण्याआधीची मोजमापं इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी दोष मोटारीचाच आहे ना, हे पाहिलं. मोटारीचे दोन स्क्रू काढून ती बाजूला केली आणि गाडी फरशीवर हाताने ढकलली. चारही चाकं सारखी, न अडखळता फिरली म्हणजे एक्सल, ड्राइव्हशाफ्ट आणि गिअरबॉक्समधली बेअरिंगं ठीक आहेत. इथेच गाडी जड लागली तर नवी मोटारही काही दिवसांत तशीच तापणार. स्लिपर क्लच (जास्त ओझं आलं की घसरून गिअर वाचवणारा) गरज नसताना घसरत असेल तर मोटारीचा आवाज चढतो पण चाक फिरत नाही. त्याचं नट पाव फेरा आवळून बघायला पैसे पडत नाहीत.

मग सुटी मोटार मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेली. त्यांच्या टेबलावर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवणारा डीसी पॉवर सप्लाय असतो, आणि या कामाला मल्टिमीटरपेक्षा तो जास्त उपयोगी. मल्टिमीटरवर मोटारीचा रोध मोजून काही कळत नाही, कारण तो ओहमच्या इतक्या लहान अंशात असतो की मीटरच्या वायरींचाच रोध जास्त भरतो. ५ व्होल्टवर बिनओझ्याची चांगली ५४० मोटार साधारण एक-सव्वा अँपिअर घेते आणि आकडा स्थिर राहतो. इथे आकडा दोनच्या वर आणि सतत नाचता. शाफ्ट आडवा हलवला तर बोटाला खेळ जाणवत होता, म्हणजे बुशही गेलं होतं. शेजारी मिक्सर दुरुस्त करणाऱ्याने मागच्या झाकणाच्या फटीतून टॉर्च मारली आणि सांगून टाकलं, “याना कार्बन सरी ग्यात, भाऊ.” म्हणजे आत घासून करंट पोचवणारे कार्बनचे ब्रश संपले. ते ज्याला घासतात त्या कम्युटेटरच्या तांब्यावर एका पट्टीच्या कडेला काळा जळका डाग होता. डब्याच्या कडा दाबून बंद केलेल्या असल्या मोटारीत कार्बन बदलता येत नाही, त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्न संपला.

जुनी मोटार टाकण्याआधी तिचा केव्ही मोजून ठेवा. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. शाफ्ट ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरायचा, डबा कापडात गुंडाळून हाताने घट्ट पकडायचा आणि ड्रिल पूर्ण वेगाने चालवायचं. मोटार तेव्हा जनरेटर होते आणि तिच्या दोन टोकांवर व्होल्ट मिळतात. ड्रिलच्या पाटीवर बिनओझ्याचा वेग २,६०० आरपीएम होता, मीटरने १.४८ व्होल्ट दाखवले. भागाकार केला की सुमारे १,७५०. कार्बन झिजलेले असले तरी हा आकडा फारसा चुकत नाही. पुढचा सगळा हिशोब याच्यावरच उभा आहे.

आता मुख्य गोष्ट. जास्त टर्नची मोटार म्हणजे जास्त ताकद, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी पैसे वाया जातात.

तोच डबा, तीच चुंबकं, तेच आर्मेचर (तार गुंडाळलेला फिरता भाग) धरा. वेढे ३५ वरून ५५ केले की दर अँपिअरला मिळणारा पीळ (टॉर्क) ५५ भागिले ३५ म्हणजे १.५७ पट होतो. इथपर्यंत बरोबर. पण आर्मेचरमधली तार गुंडाळायची खाच तेवढीच असल्याने तार बारीक घ्यावी लागते आणि लांबीही वाढते, म्हणून रोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, जवळजवळ अडीच पट. त्याच बॅटरीवर चाक अडून मोटार थांबली की करंट अडीच पटीने कमी, पीळ दर अँपिअरला दीड पट, म्हणजे अडलेल्या मोटारीचा एकूण पीळ उलट ०.६४ पटच उरतो. शिवाय तेवढाच पीळ काढताना तारेत होणारी उष्णताही दोन्ही मोटारींत सारखीच. उतारावर ड्रॅग ब्रेकने (ट्रिगर सोडला की मोटारीनेच लागणाऱ्या ब्रेकने) गाडी धरून ठेवण्याचंही तसंच, ईएससी आणि वायरींचा रोध बाजूला ठेवला तर टर्नने त्यात काही बदल होत नाही.

मग जास्त टर्न कशासाठी? ताब्यासाठी. पूर्ण थ्रॉटलचा वेगच कमी असला की ट्रिगरच्या तेवढ्याच हालचालीत बारीक पायऱ्या मिळतात, चाक दगडाच्या कडेवर सूतभर चढवता येतं. करंट कमी असल्याने ईएससी, कनेक्टर आणि कार्बनचा स्पर्श कमी तापतो. दगडात चाक अडकलं आणि ट्रिगर दोन क्षण जास्त दाबला गेला तरी वाइंडिंग लगेच जळत नाही. ही तिन्ही कारणं क्रॉलरला पुरेशी आहेत. पण ताकद हवी असेल तर ती गिअरमधूनच येते.

गाडीचा स्पर (मोठं गिअर) ५६ दातांचा, पिनियन (मोटारीच्या शाफ्टवरचं लहान गिअर) १४, म्हणजे फेऱ्यांची घट ४. गिअरबॉक्सची घट २.६ आणि एक्सलची ३.७५. तिन्हींचा गुणाकार ३९. टायरचा व्यास ११० मिमी, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ३४.५ सेंमी. जुनी मोटार ७.४ व्होल्टवर मिनिटाला १३,००० फेरे, चाकाला ३३३, वेग ताशी ६.९ किमी. क्रॉलरसोबत आपण चालत असतो, तेही दगडांवरून, त्यामुळे ताशी ५ किमीच्या वरचा वेग वापरातच येत नाही. पिनियन ११ दातांचं घेतलं तर एकूण घट ४९.६ होते. चाकावरचा पीळ २७ टक्क्यांनी वाढतो. तेच ओझं ओढायला करंट ०.७९ पट लागतो, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने बदलत असल्याने ती ०.६२ पट होते. तीन दात कमी केले की ३८ टक्के उष्णता गेली. उतारावर धरून ठेवण्याची क्षमताही याच वर्गाच्या हिशोबाने वाढते. नुसते टर्न बदलून ३५० रुपयांच्या पिनियनएवढा फरक पडत नाही.

५५ टर्नचा केव्ही प्रमाणाने सुमारे १,१२० येतो. २ एसवर ८,३०० फेरे आणि नव्या पिनियनसह ताशी ३.५ किमी, हे माळावर फारच रेंगाळणारं. ३ एसवर (तीन सेल, ११.१ व्होल्ट) १२,४०० फेरे आणि ताशी ५.२ किमी. म्हणून ठरलं ते असं: ५५ टर्न, ११ दात, ३ एस. ८० टर्नची मोटार नुसत्या स्पर्धेच्या दगडांवर ठीक, पण पात्रातून अर्धा किलोमीटर चालत जायचं असलं की जीव जातो. ३ एसला जाण्याआधी ईएससीवर ती लिहिलेली आहे का, हे बघाच. लहान ईएससी फक्त २ एसचे असतात.

खाचांचा प्रश्न त्यानंतरचा. साध्या मोटारीत आर्मेचरला तीन खाचा असतात, क्रॉलरसाठीच्या बऱ्याच मोटारींत पाच. शाफ्ट हाताने फिरवला की तीन खाचांची मोटार टप्प्याटप्प्याने अडखळते, पाचची जास्त गुळगुळीत फिरते. अगदी हळू वेगात हा फरक चाकापर्यंत पोचतो. ५५० मापाची मोटार लांब असते, तिच्यात तांबं आणि चुंबक दोन्ही जास्त, म्हणून ताकद खरोखर वाढते. पण वजन वाढतं आणि बऱ्याच चासीत ती बॅटरीच्या ट्रेला किंवा ड्राइव्हशाफ्टला लागते. घेण्याआधी पट्टीने जागा मोजा. ५४० चा डबा ३६ मिमी व्यासाचा, लांबी साधारण ५० मिमी, शाफ्ट ३.१७५ मिमी, आणि स्क्रूची भोकं एकमेकांपासून २५ मिमीवर.

ब्रशलेसचाही विचार झाला. सेन्सर नसलेली साधी ब्रशलेस क्रॉलरला घेऊ नका, सुटताना ती थरथरते. सेन्सरवाली किंवा हॉबीविंग फ्यूजनसारखी, ईएससी आणि मोटार एकाच डब्यात असणारी, कामाला उत्तम. कार्बनच नाही, त्यामुळे झिजण्याचाही प्रश्न नाही. पण चांगला चालणारा ईएससी काढून ठेवायचा आणि खर्च दुपटीच्या वर न्यायचा, हे सध्या पटलं नाही. ईएससीही गेलेला असता तर ब्रशलेसच घेतली असती.

आपल्याकडची एक अडचण बाहेरच्या माहितीत सापडत नाही. खानदेशचा दगड बेसॉल्ट. त्याच्यात लोहाचं चुंबकाला चिकटणारं खनिज असतं आणि तो झिजून नदीत काळी बारीक वाळू उतरते. वाघूरच्या किंवा तापीच्या पात्रात मोटारीचा डबा जरा टेकवला तरी ती केसासारखी उभी चिकटते. डब्याला मोठ्या खिडक्या असतील तर ती आत जाऊन चुंबक आणि आर्मेचरमधल्या फटीत बसते, आणि फुंकून निघत नाही. खिडक्या असल्या की मोटार थंड राहते, हा फायदा वेगाने फिरणाऱ्या गाड्यांचा. क्रॉलरच्या फेऱ्यात आतून वारा फारसा खेळतच नाही. म्हणून बंद डबा किंवा अगदी लहान खिडक्या, असंच बघायचं.

देशात ५५ टर्नची बंद डब्याची, तीन खाचांची मोटार १,३०० रुपयांना दिसत होती. पहिल्यांदाच मोटार बदलणाऱ्याने तीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच खाचा, दोन्ही टोकांना बेअरिंग आणि बदलता येणारे कार्बन, अशी मात्र बाहेरूनच मागवावी लागली. २० फेब्रुवारीला ऑर्डर केली. मोटार ३,१००, वाहतूक १,४५०.

मागवताना दोन गोष्टी सांभाळायच्या. नाव आधारकार्डावर इंग्रजीत जसं आहे अगदी तसंच लिहा. वडिलांचं नाव मध्ये आहे का, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त आहे का, सगळं जुळलं पाहिजे. आणि विकणाऱ्याला बिलावर ‘इलेक्ट्रिक डीसी मोटार’ असं लिहायला सांगा. विद्युत मोटार सीमाशुल्काच्या ८५०१ या शीर्षकात येते, खेळणी ९५०३ मध्ये. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ६० वरून ७० टक्क्यांवर गेलं, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस चिन्ह सक्तीचं आहे. ‘खेळण्याचा भाग’ असं मोघम लिहिलं गेलं की पार्सल अडकण्याची भीती असते.

३ मार्चला कुरिअरकडून केवायसीचा संदेश आला. लिंकवर आधारच्या दोन्ही बाजू आणि पॅन चढवायचं. आधारवर गावाचा पत्ता आणि पार्सल जळगावला, त्यामुळे अर्ज परत आला. सध्याच्या पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल जोडल्यावर मंजूर झाला. याला कोणाचा दोष नाही, पण बिल हाताशी पीडीएफमध्ये असलं तर मधला खोळंबा वाचतो. शुल्काची आकारणी अशी होते: मोटारीची किंमत आणि वाहतूक धरून मूल्य, त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी. वर कुरिअरची हाताळणीची फी. मिळून १,९०० भरावे लागले. स्वस्त मोटार आणि महाग वाहतूक असं गणित असेल तर वाहतुकीवरही कर बसतो, हे आधीच धरून चाला. पार्सल मुंबईत असताना ट्रॅकिंगवर रोज तीच ओळ दिसत होती आणि ती बघून धीर सुटायला लागतो. १७ मार्चला मोटार हातात आली. लिपो बॅटरी मात्र बाहेरून मागवायच्या फंदात पडू नका. ती देशातूनच, जमिनीवरून येणाऱ्या कुरिअरने घ्या.

आल्यावर आधी ड्रिलची तीच चाचणी. २,६०० वर २.३ व्होल्ट, म्हणजे केव्ही १,१३०. ५५ टर्नच निघाली. स्टिकर दुसऱ्या मोटारीचा असणं अशक्य नसतं, म्हणून ही खात्री सोल्डर लावायच्या आधी करायची. शाफ्टला पिनियनच्या स्क्रूसाठी सपाट बाजू आहे ना, तेही पाहायचं.

नवीन कार्बनचं टोक सपाट किंवा ढोबळ असतं, कम्युटेटर गोल. टोक गोलाईला बसेपर्यंत स्पर्श कमी आणि ठिणगी जास्त, म्हणून मोटार आधी घासून बसवावी लागते. त्याच दुकानातल्या पॉवर सप्लायवर ३ व्होल्ट लावून बिनओझ्याची अर्धा तास चालवली, मध्ये एकदा थांबवून थंड होऊ दिली. करंट सुरुवातीला चढा होता, हळूहळू उतरून स्थिर झाला. तो स्थिर झाला म्हणजे काम झालं. नंतर निघालेली काळी पूड रबरी पंपाने फुंकून काढली आणि दोन्ही बेअरिंगला सुईच्या टोकाएवढं हलकं मशीनचं तेल दिलं. पाण्यात बुडवून चालवण्याची पद्धत पुष्कळ जण सांगतात. त्यात कार्बन झपाट्याने झिजतो आणि बेअरिंगमध्ये पाणी राहतं, ती नको.

सोल्डरिंगला ६० वॅटचं आयर्न आणि ६०/४० चं सोल्डर. २५ वॅटच्या आयर्नने टोक पुरेसं तापत नाही, मग आपण ते धरून बसतो आणि मागचं प्लास्टिकचं झाकण मऊ होतं. टोकाला कानशीने हलकं खरवडायचं, आधी कथील चढवायचं, मग वायर टेकवायची. तीन सेकंदांत झालं पाहिजे. ‘१०४’ लिहिलेले ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लागतात. एक दोन्ही टोकांमध्ये, बाकीचे दोन प्रत्येक टोकापासून डब्यापर्यंत. हे नसले की ठिणगीचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत जातो आणि सर्वो आपोआप थरथरतो. डब्यावर सोल्डर धरत नसेल तर ती जागा सँडपेपरने चकचकीत करून घ्या.

मोटार बसवण्याचे एम३ स्क्रू जुन्याच लांबीचे वापरायचे नाहीत, आधी मोजायचे. प्लेटची जाडी वजा करून मोटारीच्या आत ३ ते ४ मिमीच गेले पाहिजेत. जास्त गेले की टोक थेट वाइंडिंगला लागतं आणि नवी मोटार पहिल्याच फेरीत जाते.

पिनियन घेताना दाताचं माप तपासा. ३२ पिच, ४८ पिच आणि मॉड ०.६ एकमेकांत बसत नाहीत. मॉड ०.८ आणि ३२ पिच जवळचे आहेत, तरी मिसळू नयेत. ३२ पिचमध्ये १४ वरून ११ दात केले की मोटार स्परच्या दिशेने १.२ मिमी सरकवावी लागते, प्लेटची खाच तेवढी आहे का ते पाहा. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मध्ये घालून मोटार दाबायची, स्क्रू आवळायचे, चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दातांच्या घड्या उमटल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. स्पर पूर्ण फिरवून चार ठिकाणी खेळ बघा, कारण प्लास्टिकचा स्पर थोडा लंबगोल असू शकतो. जिथे सर्वात घट्ट वाटतो तिथेच मेश (दोन गिअरमधलं अंतर) लावायचा. पिनियनचा स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब. लाल लावलं तर पुढच्या वेळी तापवल्याशिवाय सुटत नाही.

ईएससीवर बॅटरीचा जंपर लिपोवर आणि चालवण्याची पद्धत पुढे-मागे अशी, म्हणजे क्रॉलरची, ठेवली. त्यात ट्रिगर सोडला की पूर्ण ड्रॅग ब्रेक लागतो. आधी रिमोट चालू, ट्रिम शून्यावर, मग गाडी. मोटार उलटी फिरली तर तिच्या दोन वायरी आलटून लावायच्या, बाकी काही छेडायचं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वाघूरच्या कोरड्या पात्रात तपासणी केली. सकाळी दहालाच सावलीत ३८ अंश, आणि काळ्या धोंड्यावर हात टेकवत नव्हता. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत डब्यावर खोटं, कमी तापमान दाखवतं. डब्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवून त्याच्यावर नेम धरा. फरक समजावा म्हणून आधी जुनं १४ दातांचं पिनियन लावून एका ठरलेल्या चढावर सुमारे अकरा मिनिटं चालवलं, डबा ८१ अंशांवर गेला. मोटार पूर्ण थंड करून तोच चढ, तेवढाच वेळ, ११ दातांवर: ६८. हवेपेक्षा वाढ ४३ वरून ३० वर आली. हिशोबाने ती २७ यायला हवी होती. उरलेलं कार्बनच्या घर्षणाचं, ते गिअरने कमी होत नाही. डब्यावर ८० दिसले की आतलं आर्मेचर त्याहून बरंच तापलेलं असतं, कारण त्याची उष्णता फटीतल्या हवेतून बाहेर यावी लागते. मी ७५ ला थांबतो. मे महिन्यात भुसावळकडे हवाच ४५ च्या आसपास असते, तेव्हा सूर्य वर यायच्या आत किंवा संध्याकाळीच गाडी काढायची.

खिडक्यांवर पातळ नायलॉनच्या जाळीचा तुकडा दोन केबल टायने बांधला आहे. घरी आल्यावर डब्यावरची काळी वाळू आधी चिकटपट्टीने उचलायची, जाळी त्यानंतरच काढायची, नाहीतर वाळू आत ओढली जाते. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने खिडकीतून थेट हवा मारू नका, त्याने बाहेरची वाळू आत जाऊन बसते. कार्बनची लांबी नवीन असतानाच कॅलिपरने मोजून लिहून ठेवली आहे. निम्मी झाली की बदलायची. कार्बनची एक जोडी मोटारीबरोबरच मागवली होती, ५०० रुपयांच्या आत मिळाली. नंतर एकटी मागवली असती तर वाहतूक, केवायसी आणि हाताळणीची फी पुन्हा पहिल्यापासून भरावी लागली असती.